फादर मायकल बॉईम : चिनी वैद्यक युरोपात नेणारे मिशनरी



ॲक्युपंक्चरच्या सुया टोचून घेणे आपल्या श्रद्धेला धरून आहे का, असे काही जण आम्हाला विचारतात. २०१९ मध्ये भारत सरकारने या उपचाराला स्वतंत्र पद्धती म्हणून मान्यता दिली आहे. तरी मनातली शंका राहतेच. अशा वेळी आम्हाला फादर बॉईम आठवतात.

त्यांचा जन्म सुमारे १६१२ साली पोलंडच्या राजवटीतील ल्व्होव शहरी झाला. वडील राजवैद्य होते. १६३१ मध्ये ते येशूसंघात आले आणि १६४३ मध्ये लिस्बनहून निघून गोव्यामार्गे मकावला पोहोचले. चिनी वैद्य मनगटावर बोटे ठेवून नाडी पाहतात, जिभेवरून आजार ताडतात, हे त्यांनी अभ्यासले आणि लॅटिन भाषेत उतरवले. यिन-यांगची कल्पनाही त्यांनी न बिचकता समजून घेतली. एखादे तत्त्वज्ञान समजून घेणे वेगळे आणि त्याची उपासना करणे वेगळे, असे आम्हालाही वाटते.

पण त्यांच्या वाट्याला निराळेच काम आले. मिंग दरबारातील राजमाता हेलेना बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाली होती. मांचू फौजा चाल करून येत होत्या. १६५० मध्ये तिने पोपमहोदयांना मदतीसाठी पत्र लिहिले. ते घेऊन फादर निघाले. गोव्यात पोर्तुगीजांनी त्यांना अडकवून ठेवले, तेव्हा ते गुपचूप निसटले आणि हैदराबाद, सुरत, इराण, तुर्कस्तान असे खुष्कीच्या मार्गाने १६५२ च्या अखेरीस व्हेनिसला पोहोचले. रोममध्ये त्यांच्यावर संशय घेतला गेला. उत्तर मिळायला डिसेंबर १६५५ उजाडला. राजमाता तर १६५१ मध्येच वारली होती!

त्या ताटकळण्याच्या काळानंतर, १६५६ मध्ये, व्हिएन्नात त्यांचे वनस्पतींवरील सचित्र पुस्तक निघाले. आपल्या ओळखीचे फणस, काजू, पपई त्यात आहेत.

परतताना आठ मिशनरी सोबत होते. त्यांपैकी चौघे वाटेतच मरण पावले. मकावचे दार बंद झाले होते. टोंकिनमार्गे चीनच्या सीमेवर पोहोचून २२ ऑगस्ट १६५९ रोजी फादर वारले. शेवटपर्यंत सोबत असलेल्या चिनी ख्रिस्ती तरुणाने त्यांना पुरले.

त्यांची वैद्यकीय हस्तलिखिते बटाव्हियातील डच कंपनीच्या हाती गेली. १६८२ मध्ये फ्रँकफर्टला चिनी वैद्यकावर ग्रंथ छापला गेला. त्यात शरीरावरील नाड्या आणि सुया टोचण्याच्या जागा दाखवणारी चित्रे होती. संपादक म्हणून कंपनीचे डॉक्टर क्लायर यांचे नाव झळकले, फादरांचे नव्हतेच. १६८६ मध्ये नाडीपरीक्षेवरचे पुस्तक मात्र त्यांच्या नावाने निघाले.