चुकलेले नाव, न चुकलेली नजर

गेल्या पावसाळ्यात आमच्या नातीला अंगणात गांधीलमाशी डसली. बघता बघता हात कोपरापर्यंत सुजला, अंगभर गांधी उठल्या. श्वास लागला नव्हता म्हणून निभावले. डॉक्टरांनी इंजेक्शन दिले आणि जाता जाता समजावले, की माशीचे विष थोडेसेच. एवढा गोंधळ घातला तो पोरीच्याच अंगातल्या मास्ट पेशींनी. त्या नावापाशी मी अडलो. शोध घेता घेता पोचलो पाउल एर्लिख या जर्मन डॉक्टरपाशी, आणि या माणसाने मला चांगलेच गुंतवून ठेवले.

एर्लिख यांचा जन्म १४ मार्च १८५४ चा. गाव श्ट्रेलेन, तेव्हा प्रशियात, आज पोलंडमध्ये. घर ज्यू, वडिलांचा दारू गाळण्याचा आणि खानावळीचा धंदा. आईच्या नात्यातले कार्ल वाइगर्ट पेशी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहत. मुलाला रंगांचे वेड लागले ते त्यांच्याकडून. त्या काळी जर्मनीतले कारखाने डांबरापासून कापडाचे झगझगीत रंग बनवू लागले होते. एर्लिख यांनी ते रंग शरीराच्या पेशींवर घालून पाहिले. कोणता रंग कोणाला धरतो आणि का, या एकाच प्रश्नाने त्यांना जन्मभर पछाडले.

१८७८ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, लाइपझिगला त्यांनी डॉक्टरकीचा प्रबंध सादर केला. त्यात त्यांनी एका नव्या पेशीची ओळख करून दिली. तिच्या पोटात कण खच्चून भरलेले, आणि नवल असे, की ते कण घातलेल्या रंगाची छटाच बदलून टाकत. जांभळा रंग त्यांच्यापुरता तांबूस होई. एर्लिख यांना वाटले, ही भरपूर खाऊन पुष्ट झालेली पेशी. जर्मन भाषेत गुरे चारून पुष्ट करण्याला मास्ट म्हणतात; तेच नाव त्यांनी दिले. हा तर्क चुकला. कण खाल्लेल्या अन्नाचे नव्हते, पेशीने स्वतः बनवून साठवलेल्या मालाचे होते. पण रंग बदलतो तो कणांतल्या कुठल्यातरी रासायनिक द्रव्यामुळे, हे त्यांनी नेमके हेरले.

पुढचे आयुष्य धावपळीचे. बर्लिनच्या शारिते रुग्णालयात त्यांनी रक्तातल्या पांढऱ्या पेशींची रंगांवरून वर्गवारी केली. १८८२ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू दाखवला, तेव्हा तो रंगवण्याची अधिक चांगली रीत एर्लिख यांनीच काढली. पुढे त्यांना स्वतःलाच क्षयाने गाठले. पत्नी हेडविग यांच्यासह इजिप्तच्या कोरड्या हवेत राहून ते बरे झाले. घटसर्पावरच्या प्रतिविषाचा (अँटिटॉक्सिनचा) डोस प्रमाणित केला, १९०८ चे नोबेल मेचनिकॉव्ह यांच्याबरोबर वाटून घेतले. एखादा रंग विशिष्ट पेशीलाच धरतो, तर एखादे औषध फक्त जंतूलाच का धरू नये? या विचारातून, जपानी सहकारी हाता यांच्या साहाय्याने, ६०६ क्रमांकाचे औषध हाती आले. साल्वर्सन या नावाने १९१० मध्ये ते बाजारात आले आणि गरमीच्या रोगावर पहिला खरा उतारा मिळाला. काखेत सिगारची पेटी घेऊन फिरणारे हे गृहस्थ २० ऑगस्ट १९१५ रोजी वारले. त्या कणांत काय आहे, हे त्यांना कधीच कळले नाही.

पुढच्याच वर्षी बाल्टिमोरमध्ये कुत्र्याच्या यकृतातून रक्त गोठू न देणारे एक द्रव्य मिळाले. तेच पुढे हेपॅरिन. ते मास्ट पेशींच्या कणांत असते, हे १९३७ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी दाखवले. हेपॅरिनच्या लांब साखळीवर गंधकयुक्त गटांचा ऋण विद्युतभार दाट बसलेला असतो. धन भाराचे रंगाचे रेणू त्यावर एकमेकांना खेटून बसतात, आणि म्हणून छटा बदलते. एर्लिख यांनी पाहिलेल्या तांबूस रंगाचे कोडे असे सुटले. १९५३ मध्ये डंडीच्या रायली आणि वेस्ट यांनी दाखवले, की अंगातले बरेचसे हिस्टामिनही याच पेशींत असते.

आज चित्र असे आहे. कणात आम्लता असते. हेपॅरिनच्या जाळ्याला हिस्टामिन आणि प्रथिने तोडणारी ट्रिप्टेज, कायमेज ही विकरे चिकटलेली असतात. धान्याच्या कोठारासारखी ही साठवण. पेशीने कण बाहेर फेकला की आम्लता ओसरते, हिस्टामिन झटक्यात सुटते, रक्तवाहिन्या पाझरू लागतात आणि गांधी उठतात. विकरे मात्र जाळ्याला धरून रेंगाळतात. जिवावर बेतलेली प्रतिक्रिया येऊन गेली, तर डॉक्टर रक्तातले ट्रिप्टेज मोजून ती ओळखतात. हीच पेशी एरवी परोपजीवी किडे आणि विषे यांच्याशी लढते; आमच्या नातीच्या अंगात ती जरा जास्तच तत्पर ठरली.

हे सारे मी नातीला सांगितले. तिने विचारले, नाव चुकीचे आहे तर बदलत का नाहीत? मी म्हटले, बाळ, घर बरोबर सापडले होते. पाटी तेवढी चुकली. तिला काही ते फारसे पटले नाही. पण परवा शाळेतून आल्यावर तिने जांभळ्या शाईच्या पाण्यात फुलाची पाकळी टाकून पाहिली, कुठे कुठे रंग धरतो ते.