बंदुकीवाचून अस्वलाच्या मागावर

अस्वल म्हटले की आपल्याकडील जुन्या माणसांच्या डोळ्यांपुढे दरवेशाच्या दोरीला बांधलेले काळे, केसाळ जनावर उभे राहते. उत्तर अमेरिकेच्या रॉकी पर्वतातील ग्रिझली अस्वल याच कुळातले. पण त्याला दोरी बांधण्याची छाती कोणाची! खांद्यावर मांसल उंचवटा, टोकाशी रुपेरी झाक असलेले केस आणि बोटभर लांबीची नखे. १८१५ साली या प्राण्याचे नामकरण झाले तेव्हा ‘भयंकर’ अशा अर्थाचा लॅटिन शब्द योजला गेला, आणि पुढे शतकभर लोकही त्याच्याशी त्या नावाला साजेसेच वागले. दिसेल तेथे गोळी घालावी, सापळा लावावा, नाही तर विष पेरावे. अशा काळात बंदूक न घेता, केवळ कॅमेरा आणि टिपणवही घेऊन या अस्वलाच्या मागोमाग हिंडणारे एक गृहस्थ होऊन गेले. एनॉस मिल्स हे त्यांचे नाव.

मिल्स यांचा जन्म २२ एप्रिल १८७० रोजी कॅन्सस प्रांतात एका शेतकरी कुटुंबात झाला. प्रकृती नाजूक, पोटाचे दुखणे पाठ सोडीना. चौदाव्या वर्षी हवापालटासाठी ते कोलोरॅडोच्या डोंगरात आले आणि लाँग्ज पीक या चौदा हजार फुटांहून उंच शिखराच्या पायथ्याशी त्यांनी ओंडक्यांची झोपडी बांधली. हिवाळ्यात माँटानातील ब्यूट गावी खाणीत मजुरी करावी आणि उन्हाळ्यात रानोमाळ भटकावे, असा त्यांचा क्रम होता. १८८९ साली खाणीला आग लागून काम थांबले, तेव्हा ते सॅन फ्रान्सिस्कोला गेले. तेथे समुद्रकिनाऱ्यावर जॉन म्यूर या थोर निसर्ग-अभ्यासकाची त्यांची अकस्मात गाठ पडली. डोळे उघडे ठेवून पाहावे, पाहिलेले लिहावे आणि रानांची बाजू जगापुढे मांडावी, हा उपदेश त्या एकोणीस वर्षांच्या खाणकामगाराने आयुष्यभर सांभाळला.

पुढे मिल्स यांनी शिखराच्या पायथ्याशी प्रवाशांसाठी विश्रामगृह चालविले, वाटाड्या म्हणून अडीचशेहून अधिक वेळा लोकांना शिखरावर नेले, काही वर्षे सरकारी हिमनिरीक्षकाचेही काम केले. खिशात मूठभर मनुका घेऊन ते एकटेच दिवसच्या दिवस बर्फात राहत. परंतु त्यांचे मन खरे गुंतले ते ग्रिझलीत.

या अस्वलाचा शरद ऋतू मोठ्या धांदलीचा असतो. आपल्याकडील दरवेशाच्या त्या अस्वलाला हिवाळी झोप ठाऊक नाही. ग्रिझली मात्र बर्फ पडू लागले की बिळात शिरते आणि चार-पाच महिने अन्नपाण्यावाचून पडून राहते. त्या काळाची सारी शिदोरी आधीच अंगावर चरबीच्या रूपाने बांधून घ्यावी लागते. म्हणून हिवाळ्यापूर्वी ते दिवसाचे वीस-वीस तास खात असते. रानफळे, कंदमुळे, कुजक्या ओंडक्यातील मुंग्या, बिळातले उंदीर, मेलेले जनावर. काहीच वर्ज्य नाही. वजन दिवसाला किलोभर किंवा त्याहूनही अधिक वाढते. मिल्स यांच्या पश्चात शास्त्रज्ञांना आणखी एक गोष्ट उमगली. उन्हाळ्यात धारण झालेला गर्भ हिवाळा लागेपर्यंत मादीच्या उदरात रुजत नाही. आणि पुरेशी चरबी साठली नसेल तर तो मुळी रुजतच नाही. शरदातली उपासमार म्हणजे पुढच्या पिढीचीच हानी.

अशा वेळी त्याला न हुसकावता जवळून पाहणे हेच कठीण. मिल्स यांच्या काळचा कॅमेरा साधा. आजच्यासारखी दूरचे टिपणारी भिंगे त्याला नसत, फिल्मही मंद. जवळ जावे तर अस्वलाला वास लागतो, दूर राहावे तर छायाचित्रात एक ठिपका उमटतो. एका नोव्हेंबरात, चार इंच ताजे बर्फ पडले असताना, मिल्स वाइल्ड बेसिन नावाच्या खोऱ्यात एका ग्रिझलीच्या पावलांमागे निघाले. शिकार करायची नव्हती, फक्त ते काय करते ते पाहायचे होते. परंतु हा प्राणी आपला माग कोणी काढतो आहे हे ओळखतो आणि वळसा घालून पाठलाग करणाऱ्याच्याच पाठीशी येतो. कोण कोणाला पाहत आहे, असा प्रश्न पडावा! एवढे दिवस त्याच्या सान्निध्यात काढून मिल्स यांचे मत ठाम झाले, की ग्रिझली सहसा आपण होऊन माणसावर चाल करीत नाही. त्याला एकांत हवा असतो. त्यांच्या लेखनात कोठे कोठे अस्वलाला माणसाची बुद्धी बहाल केल्यासारखे वाटते खरे. पण त्यांची निरीक्षणे पायपिटीतून आलेली आहेत.

१९०९ पासून त्यांनी आपल्या डोंगराचे राष्ट्रीय उद्यान व्हावे म्हणून व्याख्याने, लेख व पत्रे यांचा धडाका लावला. खाणवाले व लाकूडवाले विरोधात होते. अखेर २६ जानेवारी १९१५ रोजी अध्यक्ष वुड्रो विल्सन यांची विधेयकावर सही झाली आणि रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यान अस्तित्वात आले. १९१९ साली ‘द ग्रिझली’ हे त्यांचे पुस्तक निघाले. हा प्राणी निर्वंश होणार काय, हा प्रश्न त्यात त्यांनी उघडपणे विचारला आणि कायद्याने संरक्षण मागितले. २१ सप्टेंबर १९२२ रोजी, वयाच्या अवघ्या बावन्नाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

ते संरक्षण मिळाले १९७५ साली. अलास्का वगळता अमेरिकेत एके काळी पन्नास हजारांच्या घरात असलेली ही अस्वले तेव्हा सात-आठशे उरली होती. आता ती दोन हजारांच्या आसपास आहेत. कोलोरॅडोला मात्र फार उशीर झाला. तेथील शेवटचे ज्ञात ग्रिझली, एक म्हातारी मादी, १९७९ च्या सप्टेंबरात दक्षिणेकडील सॅन वान पर्वतात एका शिकारी वाटाड्याशी झालेल्या झटापटीत मारली गेली. मिल्स यांच्या उद्यानात आज काळी अस्वले आहेत, ग्रिझली एकही नाही.