कुलपे बनवणाऱ्याचा मुलगा

सीवूड्सपासून खाडी जवळ आहे. पावसाळ्यात तेथील हवा दमट व खारट असते. अशा हवेत सॉकेटमधील पितळी भागांवर थर चढतो. त्यातच एखादा स्क्रू ढिला झाला, की गिझर लावताच सॉकेटमधून चरचर असा आवाज येतो, प्लॅस्टिक तपकिरी पडते आणि जळका वास सुटतो. असे का होते? हे समजण्यासाठी दोनशे वर्षांपूर्वीच्या एका शाळामास्तरांची ओळख करून घ्या.

जॉर्ज सायमन ओहम यांचा जन्म 16 मार्च 1789 रोजी जर्मनीतील एर्लांगेन या गावी झाला. त्यांचे वडील कुलपे बनवीत. शाळेत न जाताही वडील स्वतःच्या कष्टाने गणित शिकले होते. मुलांनाही त्यांनीच शिकवले. जॉर्ज दहा वर्षांचा असताना आई वारली.

1817 साली ओहम कोलोन येथील शाळेत गणित व पदार्थविज्ञान शिकवू लागले. उरलेल्या वेळात ते शाळेच्या प्रयोगशाळेत वेगवेगळ्या तारांतून वीज सोडून पाहत. तेव्हाच्या बॅटऱ्यांची वीज सारखी कमीजास्त होई आणि सगळा हिशेब चुके. मग त्यांनी तांबे व बिस्मथ हे धातू जोडले. एक सांधा उकळत्या पाण्यात ठेवला, दुसरा बर्फात. आता वीज स्थिर मिळाली! तार लांब किंवा बारीक असेल तर वीज कमी वाहते, हे त्यांनी मोजून दाखवले. तारेच्या या अडवणुकीला रोध म्हणतात. दाब वाढला की वीज वाढते, रोध वाढला की घटते. हाच ओहमचा नियम.

1827 साली त्यांचे पुस्तक निघाले. जर्मनीतील विद्वानांनी त्याची फारशी दखल घेतली नाही. निराश होऊन ओहम यांनी कोलोनची नोकरी सोडली. पुढे 1841 साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कोपली पदक दिले. विद्यापीठात प्राध्यापकपद मिळाले ते 1852 मध्ये, वयाच्या 63 व्या वर्षी. दोनच वर्षांनी ते वारले. माझ्यासारख्या शिक्षकाला ही तारीख वाचून वाईट वाटते.

आता आपल्या सॉकेटकडे पाहा. 2000 वॅटचा गिझर सुमारे 8.5 अँपिअर वीज घेतो. ढिल्या सांध्याचा रोध अर्धा ओहम झाला, तर हरभऱ्याएवढ्या जागेत 36 वॅट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची डाग देण्याची सळई अनेकदा 25 वॅटचीच असते! फ्यूज मात्र उडत नाही, कारण वीज वाढलेली नसते. म्हणून फ्यूजवर विसंबून राहू नका. वास आला की मेन स्विच बंद करा, घरातील मोठ्यांना सांगा आणि जाणकार वायरमनला बोलवा. वर चिकटपट्टी लावून काहीच साधत नाही; ढिला सांधा आत तसाच राहतो.

वायरमन आला की त्याचे मीटर पाहा. त्यावर घोड्याच्या नालेसारखे एक चिन्ह दिसेल. तेच ओहमचे चिन्ह.