जोतीरावांचा डावा हात

११ मे १८८८ रोजी मुंबईत जोतीराव फुले यांना लोकांनी ‘महात्मा’ ही पदवी दिली. त्यानंतर दोनच महिन्यांत, जुलैमध्ये, त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि शरीराची उजवी बाजू लुळी पडली. वय होते ६१. १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढणारे, १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन करणारे जोतीराव अंथरुणाला खिळले.

त्यांचे स्नेही डॉ. विश्राम रामजी घोले यांनी उपचार केले. तेव्हा सीटी स्कॅन नव्हता, गुठळी विरघळवणारे औषधही नव्हते. ‘सार्वजनिक सत्यधर्म’ हा ग्रंथ पुरा व्हायचा होता. उजवा हात चालेना, म्हणून जोतीरावांनी डाव्या हाताने लिहायला घेतले आणि १ एप्रिल १८८९ रोजी ग्रंथ पूर्ण केला. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले. पुस्तक १८९१ मध्ये छापले गेले.

उजवी बाजू गेली, म्हणजे इजा बहुधा मोठ्या मेंदूच्या डाव्या भागात झाली असावी. तरीही त्यांची भाषा आणि विचारांची मांडणी टिकली. साठीनंतर नव्या हाताला वळण लावायचे तर डोक्याच्या मागच्या बाजूला असलेला लहान मेंदू मोलाचा ठरतो. प्रत्येक अक्षरात कुठे चुकले हे टिपून तो पुढची हालचाल सुधारतो.

झटका या लहान मेंदूलाच आला तर मात्र चित्र उलटे दिसते. हातापायांत ताकद असते, पण तोल जातो. शिवाय विचारांचाही तोल ढळू शकतो. अमेरिकेतील डॉ. जेरेमी श्माहमान आणि डॉ. जॅनेट शर्मन यांनी १९९८ मध्ये हे सविस्तर मांडले. अशा रुग्णाला कामांचा क्रम लावता येत नाही, शब्द चटकन आठवत नाहीत, दिशा कळत नाही. कोणी एकदम गप्प होतो, तर कोणी नको तिथे नको ते बोलतो.

आपल्या मराठवाड्यात ‘अंगावरून वारं गेलं’ म्हटले की हातपाय लुळे पडलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. त्यामुळे अचानक गरगरणे, उलट्या, झोकांड्या जाणे हे पित्तावर ढकलले जाते. गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, म्हणून अशा वेळी रुग्णाला लगेच मोठ्या रुग्णालयात न्यावे. घरी आल्यावर हिशेब चुकू लागले, स्वभाव बदलला, तर माणूस हट्टी झाला असे समजून रागावू नका. डॉक्टरांना आवर्जून सांगा. तोही त्याच आजाराचा भाग असू शकतो आणि सरावाने, धीराने त्यात बरीच सुधारणा होऊ शकते.