घंटा वाजली की उठणारे संत

संत अल्फॉन्सो रॉड्रिग्ज हे स्पेनमधील सेगोव्हियाचे लोकरीचे व्यापारी. पत्नी आणि मुले एकामागून एक देवाघरी गेली, धंदाही बुडाला. शिक्षण अर्धवट, तब्येत नाजूक. तरीही १५७१ साली येशूसंघाने त्यांना धर्मबंधू म्हणून स्वीकारले.

मायोर्का बेटावरील कॉलेजात ते अनेक वर्षे द्वारपाल होते. निरोप पोहोचवायचे, गरिबांना भाकर द्यायची. दारावरची घंटा वाजली की प्रभूच आला आहे असे मानून ते उठत. पुढे गुलामांचे सेवक झालेले संत पीटर क्लेव्हर यांना मिशनकार्याची प्रेरणा याच द्वारपालाने दिली. अल्फॉन्सो १६१७ साली निवर्तले. १८८८ साली दोघेही एकाच दिवशी संत घोषित झाले.

आपल्या दारावरची बेलही नेमकी कामाच्या वेळी वाजते आणि आपल्या कपाळाला आठ्या पडतात. या आठवड्यात दार उघडण्यापूर्वी आपण या द्वारपालाचे स्मरण करू या.