दादाभाई नौरोजी : एक्सेल नसतानाच्या काळातला डेटावाला खासदार

शाळेच्या पुस्तकात दादाभाईंचा फोटो सगळ्यांनी पाहिलाय. पांढरी दाढी, पारशी टोपी आणि खाली ‘भारताचे पितामह’. दोन मार्कांसाठी पाठ केलं आणि विसरलो. मीही तसाच. पण नोकरीला लागल्यावर रोज डेटाशी झटापट करताना कळलं, की या माणसाने दीडशे वर्षांपूर्वी जे केलं त्याला आज आपण डेटा ॲनालिसिस म्हणतो. तेही सरकारचाच डेटा घेऊन, सरकारच्याच विरोधात. आणि त्याच जोरावर ते थेट लंडनच्या पार्लमेंटमध्ये बोलायला उभे राहिले.

सुरुवात गणिताच्या मास्तरांपासून

दादाभाईंचा जन्म ४ सप्टेंबर १८२५ चा. घर गरीब पारशी पुरोहिताचं, वडील लहानपणीच गेले. आईने शिकवलं. मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत ते शिकले आणि तिथेच गणित आणि विज्ञानाचे प्राध्यापक झाले. त्या पदावर पोचलेले ते पहिले भारतीय. त्याच काळात मित्रांबरोबर त्यांनी मुंबईत मुलींसाठी मराठी आणि गुजराती शाळा सुरू केल्या. १८५१ मध्ये ‘रास्त गोफ्तार’ हे गुजराती पत्र काढलं.

१८५५ मध्ये ते कामा कंपनीचे भागीदार म्हणून इंग्लंडला गेले. पुढे कापसाचा स्वतःचा धंदा केला. पण डोक्यात एकच प्रश्न घोळत होता : एवढा सुपीक देश, मग माणसं उपाशी का?

२० रुपयांचा हिशोब

सरकारचं उत्तर ठरलेलं असायचं : भारताची भरभराट चालू आहे. दादाभाईंनी ठरवलं, भाषण नको, आकडा काढू.

त्यांनी १८६७ ते १८७० या काळातले सरकारी अहवाल घेतले. प्रांतवार मुख्य पिकं, लागवडीखालची जमीन, एकरी उत्पन्न, बाजारभाव. वर मीठ, कोळसा, कारागिरीचा माल वगैरे धरलं. एकूण बेरीज आली सुमारे ३४ कोटी पौंड, म्हणजे तेव्हाच्या दराने ३४० कोटी रुपये. ब्रिटिश भारताची लोकसंख्या साधारण १७ कोटी. भागाकार करा : माणशी वर्षाला २० रुपये. हा निबंध त्यांनी १८७६ साली मांडला.

आता २० रुपये कमी की जास्त हे कसं ठरवणार? त्यांनी तुलना शोधली ती तुरुंगाची. कैद्याच्या अन्न-कपड्यावर सरकार वर्षाला किती खर्च करतं, तेही सरकारी अहवालातच होतं. तो खर्च या २० रुपयांपेक्षा जास्त निघाला. म्हणजे बाहेर मोकळा फिरणारा शेतकरी कैद्यापेक्षा कमी खात होता. आणि २० ही तर सरासरी. त्यात श्रीमंतांचा वाटा वजा केला की गरिबाच्या ताटात काय उरणार?

सरासरीतला बग

हा भाग मला सगळ्यात आवडतो. सरकारी आकडे वापरताना दादाभाईंना त्यांत चूक सापडली. सगळ्या जिल्ह्यांचे एकरी आकडे घ्यायचे, बेरीज करायची आणि जिल्ह्यांच्या संख्येने भागायचं, अशी काही ठिकाणची पद्धत होती. कुठल्या जिल्ह्यात जमीन किती, हे बघायचंच नाही.

उदाहरण आपल्याकडचं घेऊ. समजा दहिवलीच्या आसपास दोन शिवारं आहेत. एकात १०० एकर भात, एकरी २० क्विंटल. दुसऱ्यात ९०० एकर, एकरी १० क्विंटल. साधी सरासरी १५. म्हणजे १,००० एकरांत १५,००० क्विंटल. कागदावर मस्त! पण खरं पीक? पहिल्यात २,०००, दुसऱ्यात ९,०००, एकूण ११,०००. खरी सरासरी ११. चार हजार क्विंटल भात फक्त कागदावर पिकला.

एक्सेलमध्ये नुसता ‘ॲव्हरेज’ मारला की आपणही हीच चूक करतो. इथे लागते भारित सरासरी. दादाभाईंनी हा बग हाताने पकडला, कागद आणि टाकाच्या जोरावर.

पैसा गळतोय कुठून?

फोन चार्जिंगला लावलाय, तरी बॅटरी उतरतेच आहे, तर आपण काय करतो? कुठलं ॲप बॅटरी खातंय ते सेटिंगमध्ये जाऊन बघतो. दादाभाईंनी देशाचं तेच केलं. इंग्रज अधिकाऱ्यांचे पगार, विलायतेत जाणारी पेन्शन, लंडनच्या कार्यालयाचा खर्च, कर्जावरचं व्याज, असा पैसा दरवर्षी भारतातून बाहेर जायचा आणि बदल्यात काही परत यायचं नाही. यालाच आपण ‘आर्थिक निःसारण’ म्हणतो.

आपल्या कर्जतची रेल्वेही यात येते. बोरघाटाचा मार्ग १८६३ मध्ये सुरू झाला. तो बांधणाऱ्या जीआयपी कंपनीला भांडवलावर ५ टक्के परताव्याची हमी होती. कमाई कमी पडली तर फरक भारताच्या तिजोरीतून. दादाभाईंचा रेल्वेला विरोध नव्हता. त्यांचं म्हणणं एवढंच, की दुसऱ्या देशांत रेल्वेचे पगार आणि नफा देशातच फिरतो, इथे मोठा वाटा बाहेर जातो.

पाच मतांचा खासदार

निर्णय लंडनमध्ये होतात तर बोलायचंही तिथेच, म्हणून १८८६ मध्ये ते निवडणुकीला उभे राहिले. हरले. १८८८ मध्ये खुद्द पंतप्रधान सॉल्सबरी यांनी जाहीर भाषणात त्यांच्या रंगावरून शेरा मारला. परिणाम उलटा झाला. दादाभाईंचं नाव इंग्लंडभर झालं.

१८९२ मध्ये लिबरल पक्षातर्फे ते सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून निवडून आले, अवघ्या ५ मतांनी! नौरोजी नावावरून लोक त्यांना गमतीने ‘नॅरो मेजॉरिटी’ म्हणू लागले. शपथ त्यांनी खोर्देह अवेस्तावर हात ठेवून घेतली. ब्रिटिश पार्लमेंटमधले पहिले भारतीय खासदार म्हणून आज त्यांची ओळख आहे.

१८९३ मध्ये आयसीएसची परीक्षा भारतातही घ्यावी, असा ठराव कॉमन्समध्ये थोडक्या मतांनी मंजूर झाला. पण सरकारने तो गुंडाळून ठेवला. भारतात ही परीक्षा व्हायला १९२२ उजाडलं. १८९५ च्या निवडणुकीत दादाभाई हरले. त्याच वर्षी भारताच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगावर ते सदस्य झाले.

तुमचा हिशोब दाखवा

सरकारनेही मग स्वतःचे आकडे काढले. १८८२ मध्ये बेअरिंग यांनी माणशी २७ रुपये सांगितले, १९०१ मध्ये कर्झनने ३०. दादाभाईंनी बेअरिंगकडे हिशोबाचा तपशील मागितला. तो त्यांना मिळाला नाही. आपल्या भाषेत, दादाभाईंचा कोड ओपन सोर्स होता आणि सरकारचा बंद.

त्यांचा आकडा परिपूर्ण होता असं नाही. सेवांचं उत्पन्न त्यांनी धरलं नव्हतं, यावर पुढे टीका झाली. पण टीका करता आली, कारण प्रत्येक पायरी छापलेली होती. हे सगळं लेखन १९०१ मध्ये पुस्तकरूपाने आलं.

१९०६ मध्ये, ८१ व्या वर्षी, कलकत्ता काँग्रेसच्या अध्यक्षपदावरून त्यांनी स्वराज्याची मागणी केली. आयुष्यभर इंग्रजांच्या न्यायबुद्धीला आकडे दाखवून झाले होते. शेवटचे दिवस वर्सोव्याला गेले आणि ३० जून १९१७ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं.

तर पुढच्या वेळी व्हॉट्सॲपवर ‘सरासरी इतकी वाढली’ असा फॉरवर्ड आला, की पुढे ढकलण्याआधी दोनच गोष्टी विचारा. सरासरी कशाने भागून काढली? आणि हिशोब कुठे आहे? दादाभाईंनी पंतप्रधानांच्या देशात जाऊन हेच विचारलं होतं. आपल्याला तर फक्त ग्रुपवर विचारायचंय.