विश्वाच्या पहाटेचा वेध घेणारे धर्मगुरू : फादर जॉर्ज लमेत्र

विश्व एके काळी अत्यंत घन व उष्ण अवस्थेत होते आणि तेथून ते विस्तारत गेले, हे आज शाळेतील मुलांनाही शिकविले जाते. मात्र या कल्पनेची पायाभरणी करणारे संशोधक हे काळा झगा परिधान करणारे एक बेल्जियन धर्मगुरू होते, ही गोष्ट आमच्या पुष्कळ वाचकांना नवीन वाटेल. फादर जॉर्ज लमेत्र हे त्यांचे नाव. त्यांच्या शोधाचा उल्लेख आपल्याकडे अधूनमधून अभिमानाने होतो. परंतु तो शोध श्रद्धेचा पुरावा म्हणून वापरण्यास त्यांनी स्वतः जो विरोध केला, त्याविषयी फारसे बोलले जात नाही. म्हणून येथे आम्ही त्या प्रसंगावर अधिक थांबणार आहोत.

लमेत्र यांचा जन्म १७ जुलै १८९४ रोजी बेल्जियममधील शार्लरुआ या कोळशाच्या खाणींच्या शहरात झाला. वडिलांचा काचेचा कारखाना होता. तो आगीत नष्ट झाल्यावर कुटुंब ब्रुसेल्सला गेले. येशूसंघीय धर्मगुरूंच्या शाळेत त्यांचे शिक्षण झाले. धर्मगुरू व्हावे आणि शास्त्रज्ञही व्हावे, हे दोन्ही निश्चय त्यांनी वयाच्या नवव्या वर्षी केले होते असे ते पुढे सांगत. वडिलांनी त्यांना थोडे थांबण्याचा सल्ला दिला. १९११ मध्ये त्यांनी लुव्हेनच्या कॅथॉलिक विद्यापीठात अभियांत्रिकीसाठी प्रवेश घेतला.

१९१४ च्या ऑगस्टमध्ये जर्मन सैन्य बेल्जियममध्ये शिरले. वीस वर्षांचे जॉर्ज स्वयंसेवक म्हणून सैन्यात दाखल झाले. एसेर नदीकाठच्या लढाईत ते होते आणि १९१५ च्या एप्रिलमध्ये ईपरजवळ झालेला विषारी वायूचा हल्ला त्यांनी पाहिला. पुढे ते तोफखान्यात गेले. तेथील पुस्तिकेतील गणिताची चूक शिक्षकाला दाखवून दिल्यामुळे त्यांची अधिकारपदाची बढती हुकली, असे त्यांचे चरित्रकार नमूद करतात. शौर्याबद्दल त्यांना युद्धपदक मिळाले. युद्धावरून परतलेल्या या तरुणाने अभियांत्रिकी सोडली, गणित व भौतिकशास्त्र घेऊन १९२० मध्ये डॉक्टरेट मिळविली आणि मेखेलन येथील सेमिनरीत प्रवेश केला. तेथील अभ्यासक्रम सांभाळून आइन्स्टाइन यांचा सापेक्षतावाद अभ्यासण्याची मुभा त्यांना कार्डिनल मर्सिए यांनी दिली. २२ सप्टेंबर १९२३ रोजी त्याच कार्डिनलांच्या हस्ते त्यांना गुरुदीक्षा मिळाली. त्यानंतर केंब्रिज येथे आर्थर एडिंग्टन व अमेरिकेत हार्वर्ड येथे हार्लो शॅप्ली यांच्या मार्गदर्शनाखाली अभ्यास करून १९२५ मध्ये ते लुव्हेनला अध्यापनासाठी परतले.

१९२७ साली ब्रुसेल्सच्या एका वैज्ञानिक नियतकालिकात त्यांचा फ्रेंच भाषेतील निबंध प्रसिद्ध झाला. विश्व स्थिर नसून ते विस्तारत आहे, म्हणून दूरच्या दीर्घिका आपल्यापासून दूर जात आहेत, आणि जी दीर्घिका जितकी दूर तितका तिचा वेग अधिक, असे त्यांनी त्यात दाखविले. केवळ समीकरणे मांडून ते थांबले नाहीत. ४२ दीर्घिकांच्या निरीक्षणांवरून त्यांनी विस्ताराचा दरही काढला : सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षे अंतरामागे सेकंदाला सुमारे ६२५ किलोमीटर. आज हा दर ७० च्या आसपास धरला जातो, कारण त्या काळी अंतरे फारच कमी समजली जात होती. पण मूळ तत्त्व तेच राहिले.

निबंध फारसा कोणी वाचला नाही. त्याच वर्षी ब्रुसेल्सला आलेल्या आइन्स्टाइन यांनी त्यांना सांगितले की गणित बरोबर असले तरी त्यामागील भौतिकशास्त्र मुळीच पटण्यासारखे नाही. रशियन गणिती फ्रिडमन यांनी १९२२ मध्येच तशी समीकरणे मांडली होती, हेही लमेत्र यांना त्या भेटीत प्रथम कळले. १९२९ मध्ये एडविन हबल यांनी अंतर व वेग यांचा संबंध निरीक्षणातून प्रसिद्ध केला आणि तो नियम त्यांच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. एडिंग्टन यांच्या पुढाकाराने लमेत्र यांच्या निबंधाचे इंग्रजी भाषांतर १९३१ मध्ये आले, तेव्हा विस्ताराच्या दराचा परिच्छेद त्यातून गळालेला होता. कोणी मुद्दाम वगळला की काय, अशी शंका पुढे अनेक वर्षे घेतली गेली. २०११ मध्ये जुना पत्रव्यवहार तपासल्यावर उलगडा झाला. भाषांतर लमेत्र यांनी स्वतःच केले होते आणि नवी निरीक्षणे आल्यामुळे आपले जुने आकडे पुन्हा छापण्यात अर्थ नाही असे मानून तो भाग त्यांनीच वगळला होता. श्रेयासाठी झगडणाऱ्या आजच्या जगात हे आम्हाला विस्मयकारक वाटते. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेच्या सदस्यांनी मतदान करून त्या नियमाला हबल-लमेत्र नियम म्हणावे, अशी शिफारस केली.

१९३१ च्या मे महिन्यात त्यांनी नेचर या नियतकालिकात एक छोटे टिपण लिहिले. विश्वविस्तार उलट दिशेने पाहत गेल्यास सर्व द्रव्य एका आदिम अणूत एकवटलेले दिसेल, ही कल्पना त्यात होती. त्या टिपणाच्या टंकलिखित प्रतीत शेवटी एक परिच्छेद होता. परमेश्वर हा मूलतः गूढ आहे आणि आजचे भौतिकशास्त्र निर्मितीवर जणू एक पडदाच टाकते, याचा श्रद्धावंताला आनंद व्हावा, अशा आशयाचा. छपाईपूर्वी लमेत्र यांनी तो परिच्छेद रेघ मारून काढून टाकला.

तरीही टीका झाली. विश्वाला प्रारंभ असणे म्हणजे बायबलमधील उत्पत्तीची कथा मागच्या दाराने विज्ञानात आणणे, असा संशय अनेकांना होता. केंब्रिजचे फ्रेड हॉइल यांनी १९४९ मध्ये बीबीसीच्या एका भाषणात या कल्पनेला महास्फोट असे नाव दिले. ते स्वतः स्थिर-स्थिती विश्वाचे पुरस्कर्ते होते. आपले डॉ. जयंत नारळीकर हे त्याच हॉइल यांचे शिष्य. तेही अखेरपर्यंत महास्फोट सिद्धांताचे टीकाकार राहिले.

अशा वातावरणात २२ नोव्हेंबर १९५१ रोजी पोप बारावे पायस यांनी पोंटिफिकल विज्ञान अकादमीपुढे भाषण केले. विश्वाला कालबद्ध प्रारंभ होता हे आधुनिक विज्ञान दाखवीत आहे, म्हणजे प्रकाश होवो या आदिम आज्ञेची जणू ते साक्षच देत आहे, असा त्या भाषणाचा सूर होता. त्या काळच्या किती कॅथॉलिक मनांना ते ऐकून दिलासा मिळाला असेल! आम्हालाही हा मोह परका नाही. धर्मशिक्षणाच्या वर्गात कोणी प्रश्न विचारला की महास्फोटाचे नाव आपल्याही ओठांवर येते.

लमेत्र मात्र अस्वस्थ झाले. ते १९३६ पासून अकादमीचे सदस्य होते, त्यामुळे गप्प बसणे सोपे होते. परंतु आपला सिद्धांत हे एक गृहीतक आहे, उद्या ते चुकीचे ठरू शकते, आणि मग त्यावर टेकविलेल्या श्रद्धेचे काय, हा त्यांच्यापुढील खरा प्रश्न होता. व्हॅटिकन वेधशाळेचे संचालक, येशूसंघीय फादर डॅनियल ओकॉनेल यांच्याशी त्यांनी विचारविनिमय केला. १९५२ च्या सप्टेंबरमध्ये खगोलशास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद रोममध्ये भरली, तेव्हा पोप महाशयांनी त्यांच्यापुढे भाषण केले. पण मागील वर्षीचा तो दावा पुन्हा केला नाही. लमेत्र यांची सावधगिरी योग्य ठरल्याचे त्याच परिषदेत दिसले. वॉल्टर बाडे यांनी तेथे जाहीर केले की दीर्घिकांची अंतरे आजवरच्या हिशेबाच्या सुमारे दुप्पट आहेत. विश्वाचे अनुमानित वयही एका दिवसात दुप्पट झाले. (त्यापूर्वीचे वय पृथ्वीवरील खडकांपेक्षाही कमी येत होते, हा त्या सिद्धांतावरील मोठा आक्षेप होता.)

१९५८ साली ब्रुसेल्सच्या परिषदेत त्यांनी आपली भूमिका पुन्हा स्पष्ट केली. त्यांचा सिद्धांत ईश्वरविषयक प्रश्नाच्या बाहेरचा आहे; जडवादी मनुष्य त्यातून ईश्वर नाकारण्यास मोकळा राहतो, आणि श्रद्धावंताला ईश्वराशी सलगी करण्याचे साधन त्यातून मिळत नाही. हे सांगणारी व्यक्ती दररोज प्रार्थनेत वेळ घालवीत असे आणि येशूचे मित्र या धर्मगुरूंच्या संघाशी आयुष्यभर निष्ठेने जोडलेली होती, हे येथे ध्यानी घ्यावे.

दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, दोस्तराष्ट्रांच्या बॉम्बवर्षावात त्यांचे लुव्हेनचे घर उद्ध्वस्त झाले. उत्तरायुष्यात त्यांना गणकयंत्रांची गोडी लागली आणि १९५८ मध्ये विद्यापीठात पहिले इलेक्ट्रॉनिक गणकयंत्र त्यांच्याच प्रयत्नाने आले. १९६० मध्ये ते पोंटिफिकल अकादमीचे अध्यक्ष झाले.

१९६५ मध्ये पेन्झियास व विल्सन या अमेरिकन संशोधकांनी आकाशाच्या सर्व दिशांनी येणारे एक मंद रेडिओ प्रारण आढळल्याचे प्रसिद्ध केले. उष्ण प्रारंभावस्थेचा तो अवशेष होता. लमेत्र तेव्हा रक्ताच्या कर्करोगाने खंगत चालले होते. १९६६ च्या जूनमध्ये त्यांचे सहकारी ओदों गोदार यांनी रुग्णालयात जाऊन त्यांना ही वार्ता सांगितली. त्यानंतर थोड्याच दिवसांत, २० जून १९६६ रोजी लुव्हेन येथे त्यांचे निधन झाले. शार्लरुआनजीकच्या मार्सिनेल येथील दफनभूमीत त्यांना चिरविश्रांती देण्यात आली.